मुरंबा शिजला तो दिवस

यासिकोवो, १२ सप्टेंबर २००३

चि. मेव्हलिदा हिला आजीचा पोटभर आशीर्वाद.

आठवड्यात दुसरं पत्र आलं, मला हसूच फुटलं. आपली बोस्नियातली पोर हेगच्या मोठ्या कोर्टात, फिर्यादीच्या कचेरीत भाषांतरं करते, आणि आजीला अजून स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळत नाही.

यंदा आलुबुखार इतके लागलेत की फांद्या टेकल्यात. शेजारची फाहिरा रोज मदतीला येते. आपल्या गावचा तो विटोमिर पकडला गेल्यापासून ती दोन घास खाते तरी. तिच्या पोराला, आदिलला, लढाईत गिरणीवरून त्यानंच ओढून नेलं म्हणते, मीही मान हलवते. माझा त्याच्यावरचा राग जुनाच. तुझी आई तुला घेऊन बसनं गेली ना, त्या दिवशी माझ्या अंगणात मुरंबा होता. कढई त्याची, आणि आपल्याकडे कढईवाला स्वतःच ढवळायला बसतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हलला नाही. अर्धा मुरंबा चाटून खाल्ला मेल्यानं. पुढच्याच आठवड्यात बंदूकवाल्यांबरोबर हिंडायला लागला. बसू दे आता तुरुंगात.

तुझी आजी

हेग, २ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

आम्ही बसनं निघालो ती तारीख तीन सप्टेंबर ब्याण्णव. आईनं तिकीट जपून ठेवलंय. आदिलला नेलं तेही त्याच दुपारी. आरोपीच्या बाजूचं काही आमच्या हाती आलं, तर ते त्याच्या वकिलाला द्यावंच लागतं. म्हणून तुझं पत्र मी साहेबांना दिलं, त्यांनी पुढे पोचवलं. तुला आधी विचारलं नाही, तू नको म्हणाली असतीस. रागाव, पण पत्र लिही.

तुझी मेव्हलिदा

यासिकोवो, २८ ऑक्टोबर

मेव्हलिदास,

दोन्ही बाजूंचे वकील येऊन गेले. माझं पत्र त्यांच्या हातात, माझ्या चुकांसकट. दुभाष्यानं ‘चाटून खाल्ला’ हेसुद्धा मोठ्यानं वाचलं. फाहिरा माझ्या चुलीपाशीच बसली होती. म्हणाली, अगं हायरिया, हे खरं का? मी म्हटलं, खरं. तिनं विचारलं, मग माझ्या आदिलला कोणी नेलं? मला काय ठाऊक. अकरा वर्षं शिव्या घालायला तिला एक तोंड होतं, तेही मी काढून घेतलं. चपला घालून गेली, परत आली नाही. बाकीच्या बायकाही दारावरून सलाम न करता जातात.

फिर्यादीचा वकील म्हणाला, आठवणीत चूक झाली असेल तर आत्ताच सांगा. सांगितलं असतं तर गाव माझं राहिलं असतं. पण तो दिवसभर माझ्या अंगणात होता, त्याला मी काय करू? सही केली. साक्षीला येतेय.

स्टेशनावर न्यायला येऊ नकोस. मी नातीला लिहिलं होतं, कचेरीला नव्हे. लोभ तुटत नाही म्हणून आहे. वाढव असं मात्र आज लिहवत नाही.

हायरिया