उघडी नस

विठ्ठलवाडी, ९ जानेवारी २०२४

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि माझं बोलणं तुला कळत नाही, म्हणून पत्र. ऑपरेशनची कानाची जखम सुकली. उजवा डोळा मात्र मिटत नाही. झोपताना तुझी कांतावहिनी पट्टी लावते. चहा ओठातून गळतो. ती म्हणते, आता तरी बशीत प्या. ट्रम्पेट तोंडाला लावून पाहिला, नुसती हवा जाते. बँडने लग्नसराईसाठी दुसरा माणूस घेतलाय. डॉक्टरांकडून काही चुकलं का, एवढं विचारून कळव. मुलांना गोड पापा.

तुझा,
प्रेमदादा

ठाणे, १४ जानेवारी २०२४

ती. दादास सविनय जयभीम, वि. वि.

डॉक्टरांना विचारलं नाही. चुकलं ते माझं. ऑपरेशनआधी त्यांनी मला स्कॅन दाखवला होता. चेहरा हलवणारी नस मधल्या कानातून हाडाच्या नळीतून जाते. तुझ्या नळीला एका जागी जन्मापासून हाडच नाही, नस उघडी आहे. काही जणांची रचना अशी असते. आजार नेमका तिथेच चिकटलाय, तो काढताना नसेला धक्का लागून तोंड वाकडं होऊ शकतं, असं ते म्हणाले. आणि तुला ऐकू येत नाही म्हणून हे सगळं नीट लिहून दाखवायला सांगितलं. तू वही पुढे केलीस. मी लिहिलं, ‘साधं ऑपरेशन आहे, सही कर.’ माझ्या अक्षराला हसत तू सही केलीस.

तू नाही म्हणशील, अशी भीती वाटली. आजार हाड खात मेंदूकडे चालला होता, हेही खरं. पण हे मी तुझ्या जिवासाठी केलं, की तुझ्याशी वाद नको म्हणून? डायरीत रोज वेगळं उत्तर लिहिते. रागाचं का होईना, पत्र पाठव.

तुझी,
मेघना

विठ्ठलवाडी, २ फेब्रुवारी २०२४

चि. मेघना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र कांताला दाखवलं नाही. मी नाहीच म्हटलं असतं. एप्रिलची जयंतीची मिरवणूक वाजवून मग ऑपरेशनला आलो असतो. तेवढ्यात आजार वाढला असता, तर ते माझ्या माथी. डॉक्टरांकडून या खेपेला मीच लिहून घेतलं: डोळा सुधारेल, ओठाचं सांगता येत नाही.

तपासणीला ताई का आल्या नाहीत, असं कांताने विचारलं. ठाण्याहून लांब पडतं, म्हटलं. पुढच्या तपासणीलाही येऊ नकोस. लोभ आहे, तो तुटायचा नाही. सध्या फक्त येऊ नकोस.

प्रेम