राणीसाहेबांच्या तीन फेऱ्या

सोमवार, ४ तारीख
मालक तबेल्यात येऊन म्हणाले, रविवारी घोडीने स्वार घेऊन मैदानाच्या तीन फेऱ्या दुडकत मारल्या तर ती राहील, नाहीतर जाईल. घोडी म्हणजे आमच्या राणीसाहेब, वय चोवीस. शिकायला येणारी मुलं पाठीवर बसली की त्या जागच्या हलत नाहीत. मी म्हणालो, आठवडा पुष्कळ झाला. सोळा वर्षं खरारा करतोय, स्वभाव ठाऊक आहे. पाठीवर कधी बसलो नाही, पण त्यात अवघड काय?

मंगळवार, सकाळी ६
बसलो. टाच मारली. राणीसाहेबांनी मान वळवून माझ्या बुटाचा वास घेतला. अर्धा तास तिथेच. सुरुवात चांगली.

बुधवार
स्वारी शिकवणाऱ्या बाई कुंपणाशी उभ्या राहून हसत होत्या. म्हणाल्या, अहो काका, पायांनी चल म्हणताय आणि हातांनी थांब! लगाम केवढा आवळलाय. मी आवळत नाही. घोडीला आधार वाटावा म्हणून धरतो.

गुरुवार
बाई म्हणाल्या, सारखं टोचू नका. एकदा सांगा, नाही ऐकलं तर छडी हलकेच टेकवा. छडी सापडत नाही. मीच ती गवतात खुपसली, हे इथे लिहायला हरकत नाही. बायको म्हणाली, माझ्यावर बरा आवाज चढतो, घोडीपुढे तोंडातून शब्द फुटत नाही!

शुक्रवार
अकरा पावलं! पाण्याची टाकी त्याच बाजूला होती, तो योगायोग.
बाईंनी राणीसाहेबांचा गुडघा चाचपला. म्हणाल्या, काका, हा आळस नाही, सांधे गेलेत. मी म्हणालो, आळसच आहे. आळस घालवता येतो. म्हातारपण नाही घालवता येत, म्हणून आळसच आहे.

शनिवार
देवाजवळ कधी काही मागितलं नव्हतं. आज तीन फेऱ्या मागितल्या. थोड्या वेळाने वाटलं जास्त होतंय, मग एकच मागितली.

रविवार
सगळे बघत होते. बाई ओरडल्या, सोडा लगाम! सोडला. राणीसाहेब चार पावलं चालल्या आणि थांबल्या. त्यांचे पाय थरथरत होते, मला वरपर्यंत कळत होतं. उतरलो. कुणी उतर म्हणालं नव्हतं.
मालक म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, लांब एक कुरण आहे, तिथे नुसती चरेल. मालक खोटं बोलत नाहीत.

सोमवार, ११ तारीख, सकाळी ९
ट्रक आला. ड्रायव्हर दोर ओढून घामाघूम, घोडी फळीवर पाय ठेवेना. मी म्हणालो, सरका. दोर सैल धरून मी पुढे चढलो. राणीसाहेब माझ्यामागून एकदाही न थांबता आत आल्या. ड्रायव्हर म्हणाला, काय शहाणी घोडी हो, मालक तर म्हणत होते चालतच नाही!
त्याला विचारलं, कुरण कसं आहे? तो म्हणाला, कसलं कुरण काका, मला बाजारात सोडायला सांगितलंय.
कुरणाला जायचा रस्ता बाजारावरूनच असणार.