चार झाडं कोकिळेच्या नावे

मी, जीवराम सुपडू पाटील, वय ७६, निवृत्त पोस्टमन, राहणार एरंडोल, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोळ्यांना कमी दिसतं, पण डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने गावातला कोणताही घरक्रमांक विचारून बघावा.

१. राहतं घर आणि पोस्टातली शिल्लक एकुलता मुलगा प्रेमराज याला. गेली तीन वर्षं तो धुळ्याला राहतो, माझ्याशी बोलत नाही, तरी घर त्याचंच आहे. गच्चीचा दरवाजा पावसाळ्यात अडतो. खालून लाथ मारावी.

२. सायकल शेजारच्या गिरधरला. ती डावीकडे ओढते.

३. भडगावची धाकटी बहीण बेबाबाई हिला पितळी हंडा. आई गेल्यापासून तिचा त्यावर डोळा आहे. तिच्यावरचा राग मी इथेच सोडतो.

४. राग कसला, ते सांगतो. टपाल वाटताना भिंतींच्या फटींत उगवलेली रोपं मी आणायचो. पिंपळ उपटायला लोक भितात, म्हणून शांतीलालशेठनी दुकानाच्या भिंतीतला पिंपळ मलाच काढायला लावला. अशी पाच बोन्साय झाली. प्रेमराजच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. संक्रांतीला बेबाबाई गच्चीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "घरमा आसा खुजा झाडे ठेवात, मंग वंश कसा वाढी?" प्रेमराज म्हणाला, झाडं काढा. मी म्हणालो, झाडं राहतील, जायचं त्याने जावं. तो आणि सून घर सोडून गेले. त्याच रागात भर पौषात मी उंबराची कुंडी बदलली, मुळं छाटली. आठ दिवसांत उंबर वाळला.

५. मागच्या जानेवारीत मी दहा दिवस जळगावला दवाखान्यात होतो. थंडी कडाक्याची. झाडं गेली असंच धरून परत आलो, तर चारही कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला टेकवलेल्या, वर गोधडी, माती बेताची ओली. गिरधर म्हणाला, "नाना, कोकिळा उनी व्हती. तुमले सांगू नका म्हने." धुळ्याहून माझी सून तीनदा येऊन गेली होती.

म्हणून दोन वड, पिंपळ, चिंच, फांद्या वळवायची तांब्याची तार आणि कात्री कोकिळेला. तिला ठाऊक आहे, तरी लिहितो: थंडीत मुळांना हात लावू नये, खत देऊ नये, पाणी ऊन चढल्यावर आणि माती सुकली तरच. कुंडी बदलायची ती थंडी ओसरून पालवी फुटताना. नुसती काळी माती नको, मुळं कुजतात. विटांचा चुरा आणि वाळू मिसळावी. झाडं नको वाटली तर पावसाळ्यात खुशाल जमिनीत लावावीत.

कोकिळा, त्या संक्रांतीला तू तिळगुळाची वाटी घेऊन जिन्यात उभी होतीस. मी झाडांची बाजू घेतली. तुझ्या बाजूने एक शब्द बोललो नाही. माझं चुकलं, पोरी.

६. हे वाचून शांतीलालशेठ म्हणाले, "नाना, तुम्ही गेल्यावर तिला कळून काय उपयोग?" खरं आहे. आयुष्यभर लोकांची पत्रं वेळेवर पोचवली. म्हणून पाचव्या कलमाची नक्कल आज कोकिळेच्या नावाने पोस्टात टाकली. खाली एक ओळ जास्त लिहिली: थंडी पडू लागली आहे, तुझी गोधडी इथेच आहे.

सही: जीवराम सुपडू पाटील

साक्षीदार, माझ्यासमोर सही केली:
१. शांतीलाल जैन, कापड दुकानदार
२. कौतिक महाजन, निवृत्त शिक्षक

एरंडोल, दि. २ डिसेंबर २०२४