कपाखालची टेकडी

तीर्थस्वरूप भावजींना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगांनी घातला. उरलेली तीन अंगं बरं वाटल्यावर.) ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा रक्तदाब? परवा परीक्षक म्हणून आमच्या कॉलेजात आलात तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं, पण दुसऱ्यांची मुलं नापास करताना ते कुणाच्याही चेहऱ्यावर येतं, तेव्हा तब्येतीचा अंदाज काही आला नाही. इकडे सगळे ठीक. ही तुमची सारखी आठवण काढते. का काढते ते पुढे येईलच.

मी त्या आर्किटेक्चरच्या पोरांना नक्की शिकवतो काय, असं तुम्ही मला दर भेटीत विचारता. (नोकरी तुम्हीच शब्द टाकून लावून दिलीत, तेव्हाच विचारलं असतंत तर बरं झालं असतं. असो.) तर नकाशावर ज्या वेड्यावाकड्या रेषा असतात त्या कंटूर. एका रेषेवरची सगळी जमीन एकाच उंचीची. पोरांनी त्या कॉम्प्युटरवर गिरवायच्या, प्रत्येकीला तिची उंची सांगायची, की मशीन मधल्या जागेत त्रिकोणांची जाळी ताणतं आणि सपाट कागदातून जमीन वर येते. काम एवढंच. पण नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यांच्यासाठी अक्षरशः खरी आहे, अशी ही जमात. एक पठ्ठ्या एका रेषेला उंची द्यायचीच विसरला. मशीनने शून्य धरलं आणि चढाच्या मधोमध पाताळापर्यंत दरी पडली. चूक दाखवली तर म्हणतो, राहू दे सर, वरून पूल टाकतो. आणि माथ्याची उंची वेगळी टाका रे बाबांनो, म्हणून मी वर्षभर घसा फोडतो, कारण ती टाकली नाही तर मशीन शेवटच्या रेषेपाशीच टेकडीचं मुंडकं छाटतं. कोण ऐकतंय! वर्गातल्या झाडून सगळ्या टेकड्या टेबलासारख्या सपाट. त्यावर ही मुलं बाकडी मांडतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात ते आठवतं का? टेबलावर कॉलेजच्या मागच्या माळाचा नकाशा पसरलेला होता, यंदाच्या परीक्षेसाठी मी तो तयार करत होतो. जेवण झालं, हिने चहा दिला. बशी तुम्ही बाजूला सारलीत (बशी म्हणजे मागासलेपणा, असं तुम्ही म्हणालात) आणि कप थेट माळावर टेकवून, जमिनीला पाय लावल्याशिवाय आर्किटेक्ट होता येत नाही, यावर आम्हाला व्याख्यान दिलंत. छान बोललात. नंतर मी नकाशा स्कॅन करून वर्गाला दिला. कपाचा तो गोल तपकिरी होता तोवर डाग होता. काळ्यापांढऱ्यात आल्यावर तो कंटूर झाला. एकाने गिरवला, बाकीच्यांनी त्याची फाइल ढापली आणि सपाट माळावर माणशी एक टेकडी उगवली. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, आम्ही कपातून डोंगर काढला! मला कळलं तेव्हा मॉडेलं कापून, चिकटवून झाली होती. अरे, हा डाग आहे, म्हणून ओरडलो, तर सगळी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच त्यांच्या टेकडीला डाग लावतोय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही पुढून पाहिलंत आणि मी मागे उभा राहून, म्हणून सांगतो. पहिल्याच मॉडेलपुढे तुम्ही डोळे मिटलेत. ही टेकडी बोलते, म्हणालात. वर बांधलेल्या खुल्या नाट्यगृहाला तुम्ही भरभरून मार्क दिलेत. गोल एका जागी तुटला होता, तिथून मुलाने पायऱ्या काढल्या होत्या. जमिनीनेच दाखवलेली वाट, असं तुम्ही म्हणालात. भावजी, तो आमच्या कपाच्या बुडाचा टवका आहे. घरी येऊन मी कप नकाशावर ठेवून पाहिला, टवक्याला टवका जुळला. ही तेव्हापासून कपाळ बडवून घेते आहे, कारण बरे कप फुटल्यामुळे तिने तुम्हाला टवका उडालेला कप दिला होता, आणि ते तुमच्या लक्षात आलं नसेल अशी तिची समजूत होती. आता त्यावर जिनाच बांधला गेला म्हटल्यावर काय बोलायचं!

आणि मग ती शेवटच्या टेबलावरची मुलगी. तिचं मॉडेल सपाट. टेकडी कुठे आहे, विचारलंत. ती म्हणाली, "सर, तिथे टेकडी नाही. मी जाऊन आले." अख्ख्या वर्गात माळावर गेलेली ती एकटी, भावजी. पायांवर काट्यांचे ओरखडे होते तिच्या. जमिनीला पाय लावा म्हणणारे तुम्ही, आणि तुम्ही तिला सांगितलंत की टेकडी बघायला पाय नाही, संवेदना लागते. नापास! मी मध्ये तोंड घातलं तर माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणालात, "तू कॉम्प्युटरवाला, तुला जमिनीतलं काय कळतं?" पोरं हसली. मीही हसलो, कारण माझी नेमणूक दर वर्षी तुमच्या शब्दावर पुढे सरकते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लाज वाटली मला, खरं सांगतो, अजून वाटते आहे.

असो. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, मन मोकळं केलं इतकंच. ताईला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा कमी केलात तरी माझी हरकत नाही.

आपला,
घरातला मेहुणा आणि कॉलेजातला कॉम्प्युटरवाला

ता.क. मागायचं आहे. त्या मुलीला पंधरा दिवसांत मॉडेल सुधारून पुन्हा तुमच्याकडेच पाठवायचं आहे, नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी आधीच बजावलंय. मी म्हटलं, घाल बाई एक टेकडी. तर म्हणते, जे तिथे नाही ते मी काढणार नाही. तेव्हा तुम्ही प्राचार्यांना एकच ओळ लिहा, की तो गोल माझ्या कपाचा आहे. एवढा मोठा माणूस तुम्ही, एका कपाने लहान होणार नाही. खात्रीसाठी कप सोबत पाठवतो आहे. माझ्या नेमणुकीचं काय व्हायचं ते होवो.

ता.ता.क. पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात ती मुलगी सुधारलेलं मॉडेल घेऊन आली. टेकडी घातली आहे. टवक्याच्या जागी पायऱ्याही आहेत. आणि माथा गोल, सुरेख! अख्ख्या वर्गात माथ्याची उंची वेगळी टाकणारी ती एकटीच निघाली. वर्षभर मी ज्यासाठी घसा फोडला ते एकीने तरी बरोबर केलं, आणि केलं ते ह्या टेकडीवर. उंची कुठून आणलीस, असं विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "परीक्षकांना आवडेल तेवढी घेतली." तेव्हा वरची विनंती रद्द समजा आणि तिला पास करा. कप पाठवत नाही. पुन्हा जेवायला आलात की लागेल.