पाळण्यातलं नाव

भवानी पेठ, सोलापूर
३ ऑगस्ट २०२४

माजं नाव चोरीचं हाय, असं वकिलाचं पत्र आलंय. ते आदी वाच, मग आशीर्वाद घे.

चि. शिवलीला हिस अज्जीचे अनेक आशीर्वाद. आपला दुकानदार गुरुशांत दरसाली माजी शेंगाची चटणी मस्कतला धाडतो, तुला ठाऊकच हाय. यंदाची खोकी तितल्या बंदरावर अडकली. ‘चंद्रव्वा चटणी’ हे नाव जर्मनीतल्या कुण्या बाईनं नोंदवलंय, तुमी ते वापरायचं न्हाय, म्हणं. जल्मभर उखळात दाणा कुटला मी, आन् नाव तिचं! माज्यासंगं कुटणारी बजाबाई तर मुसळ टाकून बसलीया.

तू जर्मनीतच ऱ्हातीस. त्या सटवीला हुडक आन् माज्या वतीनं चार शिव्या घाल. कानडीत घाल, लागत्यात.

तुजी अज्जी

श्टुटगार्ट
१९ ऑगस्ट २०२४

ती. अज्जीस शिवलीलाचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

हुडकायला नको. ती बाई मीच.

रागावू नकोस, आधी ऐक. माद्रिदला देशादेशांत झालेला एक करार आहे. त्याप्रमाणे एकाच अर्जावर पुष्कळ देशांत नाव राखून ठेवता येतं. दुसऱ्या कुणी पळवायच्या आत मी घेतलं. तुझ्या नावावर केलं असतं, तर काका आणि आत्या वाटण्या मागत बसले असते. शिवाय माझ्या पासपोर्टवरही नाव चंद्रव्वाच आहे की. मी परक्याचं काही घेतलं नाही.

इथे चटणी यंत्रावर होते. पुड्यावर तुझा फोटो आहे, लोकांना फार आवडतो. तू सोलापुरात खुशाल विक, फक्त बाहेर पाठवू नकोस. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी शिवलीला

भवानी पेठ, सोलापूर
२ सप्टेंबर २०२४

शिव्या परत घेत न्हाय. पत्त्यावर पोचल्या.

शिवलीला हिस. आदी चि. लिवायला हात झाला न्हाय.

तू पाळण्यात हुतीस तवा मी तापानं मरायला टेकले हुते. घरात नाव ऱ्हावं म्हणून तुज्या आत्यानं माजंच नाव तुज्या कानात सांगितलं. मी मेले न्हाय. एका घरात दोन चंद्रव्वा कशा हाकारायच्या, म्हणून तुला शिवलीला म्हणाय लागलो. शाळेत तेवढं पयलं नाव ऱ्हायलं. ते मी गेल्यावर चालवायला दिलं हुतं. तुला दम निगाला न्हाय.

करार देशांनी केला म्हणतीस. देशांवर माजा राग न्हाय, ते माजे कुणी लागत न्हाईत. तू लागतीस. मागितलं असतंस तर दिलं असतं, वर गल्लीत साखर वाटली असती.

फोटो काढून टाक. तोंड मी कुणाच्या पाळण्यात घातलं न्हाय. गुरुशांतच्या नव्या खोक्यांवर ‘बजाबाईची चटणी’ छापलंय. बजाबाईला नात न्हाय, म्हणून तिचं नाव घेतलं.

शेवटाला माया मागायची रीत हाय. यंदा मागत न्हाय. उत्तर तू सोता लिवायचं, वकिलानं न्हाय. आन् खाली सही शिवलीलाच कर.

चंद्रव्वा