दाराआडची दोरी

३ जून
आले बाई एकदाची लेकीच्या घरी! तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे आहे, पण नसल्यात जमा. गुडघे कुरकुरत होते, तेवढ्यात चिमणीचं पोट दिसलं आणि सगळं विसरले. सातवा लागलाय. ही वही तिनंच दिली. म्हणाली, आई, माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिही. चार बुकं शिकलेली मी, लिहितेय आपली वेडंवाकडं. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा माझी एक दिली होती. म्हणजे बाळाला आतापासूनच आजीचा शेजार! जावई म्हणाले, भाडं घ्या त्याच्याकडून. गोड माणूस.

५ जून
डॉक्टरीणबाईंनी समजावलं. शरीर परकी किडनी हाकलून देतं, म्हणून चिमणीच्या गोळ्या आतल्या पहारेकऱ्यालाच झोपवून ठेवतात. (मी परकी? बरं.) मग बाईमाणसाला खाली साधा संसर्ग झाला तरी तो वर गर्भापर्यंत चढू शकतो. तिच्या अंगावरून पांढरं जातंय, त्यावर औषध दिलं. विकतच्या पॅडनं पुरळ येतं, तर सुती कापड चालेल, पण कडक उन्हात वाळवायचं. माझ्या मऊ जुन्या चादरी कधी कामी येणार मग!

८ जून
गॅलरी समोरच्या घरांच्या अगदी तोंडावर. जावई तिथंच चहा पितात. चादरी फाडून केलेल्या बायकांच्या घड्या अशा चारचौघांत टांगायच्या? न्हाणीच्या दाराआड दोरी बांधली, वरून टॉवेल झाकला. बाळाची झबली, टोपडी शिवून धुतली, तीही तिथंच. जन्माआधी कुणाची नजर नको. चिमणीनं विचारलं, उन्हात वाळवतेस ना? म्हटलं, हो गं, मला काय शिकवतेस.

१६ जून
कापड दमटच राहतं. कुबट वास येतो. झबली तशीच डब्यात भरली. चिमणीला पुन्हा खाज, जळजळ. गोळ्यांचा प्रताप, म्हणाली. मीही तेच म्हटलं.

१९ जून
घडीवर काळे ठिपके. मिरपूड सांडल्यासारखे. घासले, जात नाहीत. तीच घडी तिनं काल —

२१ जून
ताप. हुडहुडी. पोटात कळा. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कापड कुठं वाळवता? जावईच बोलले, आई रोज उन्हात घालतात. मी हो म्हणून मान हलवली. हलवली मी —

२२ जून
दोरी तोडली. मागच्या भिंतीवरही बुरशीचे ठिपके. हातांना वास. किती धुतले, तरी —

२३ जून
फोन आला. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवलीय. आजी झाले मी. चिमणी शुद्धीवर नाही. तापात सारखी म्हणत होती, आईच्या हातचंच टोपडं घाला. जावई ते न्यायला येतायत.

डबा उघडला.

टोपड्यावर ठिपके. दुसऱ्यावर. झबल्यांवर, आतून, शिवणीत — सगळ्या —

जिन्यात पावलं. दार वाजतंय. आई, लवकर द्या, बाळ वाट बघतंय —

एकही —

काय देऊ त्यांच्या हात —