संघप्रियाची दोरी कोणी धरायची

मी, सत्यशीला भगवानराव एंगडे, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, विषय पदार्थविज्ञान, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती नसती तर माझ्या भावाने ते एव्हाना गावभर केले असते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तेवढी हिंमत कोणात नाही. येत्या गुरुवारी नांदेडला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. डॉक्टरांनी म्हणायचे तेच ते म्हणतात. म्हणून हा कागद आधी.

१. मी अविवाहित आहे. मागे धाकटा भाऊ सिद्धोधन, रेल्वेतून निवृत्त, आणि त्याची एकुलती मुलगी संघप्रिया. तिची आई ती लहान असतानाच वारली. तेव्हापासून ती माझ्याकडे वाढली. पूर्णेत तिचा फोटो स्टुडिओ आहे.

२. माझ्यामागे बुद्धवंदना घ्यावी, जेवणावळ घालू नये. चौकात माझा फ्लेक्स लावू नये. लोक पासपोर्टचा फोटो ताणून मोठा करतात आणि मेलेला माणूस आरोपीसारखा दिसतो.

३. माझी प्रयोगाची पेटी, म्हणजे भिंगे, लोलक, होकायंत्रे, माझ्या शाळेला द्यावी. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नये.

४. पाण्याखालच्या छायाचित्रणाचे सर्व सामान संघप्रियाचे आहे. पावत्या माझ्या नावावर आहेत म्हणून लिहावे लागते. ते कसे निवडले हेही लिहिते, कारण पुन्हा घ्यायची वेळ येईल तेव्हा मी सोबत नसेन.

लग्न ठरलेल्या जोडप्यांना आता पाण्याखालचे फोटो हवे असतात. आपल्याकडे समुद्र नाही, शेततळी आहेत. संघप्रियाने आधी परभणीच्या एका दुकानातून कॅमेऱ्यावर चढवायची प्लॅस्टिकची पिशवी आणली. दुकानदार म्हणाला, "वॉटरप्रूफ हाय ताई, डोळे झाकून न्या." तिने डोळे झाकून नेली. पहिल्याच बुडीत कॅमेरा गेला. त्या दुकानदाराला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये.

दुसऱ्या वेळी मी सोबत बसले. लोक आधी कॅमेरा घेतात, मग त्याला पेटी शोधतात. हे उलटे आहे. पाण्यात न्यायची बंद पेटी, जिला हाऊसिंग म्हणतात, ती एकाच कॅमेऱ्याच्या मापाची असते. एक बटण इकडचे तिकडे झाले तरी जमत नाही. आधी पेटी ठरवावी, मग तिच्यात बसणारा कॅमेरा घ्यावा, जुना मिळाला तरी चालेल. मुंबईच्या दुकानदाराने फोनवर विचारले, "मॅडम, डायव्हिंग कुठे? अंदमान?" मी म्हटले, "ताडकळस." तरी तो ॲल्युमिनियमची पेटी गळ्यात मारू लागला. ती खोल समुद्रासाठी. मी साधी पारदर्शक घेतली. आत पाणी शिरले तर शिरताना दिसले पाहिजे.

तळ्याचे पाणी हिरवे असते. लांबून झूम केले तर गढूळपणाच तेवढा मोठा होतो. म्हणून रुंद भिंग, पुढे घुमटासारखी काच, आणि जवळ जाऊन फोटो. दिवे भिंगाला चिकटून नकोत, दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर हवेत. नाहीतर पाण्यातला कण न् कण उजळतो आणि नवरी पिठाच्या गिरणीत उभी दिसते. पेटीच्या रबरी कड्याखाली एक तंतू अडकला तरी पाणी आत येते. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेतच तंतू असतात, तेव्हा शेतावर पेटी कधीही उघडू नये. घरूनच बंद करून न्यावी. कडे कापसाने पुसू नये, बोटाने पुसावे. नवी पेटी आधी रिकामी, आत टिपकागद घालून, टाकीत बुडवून ठेवावी.

मी ती बुडवत असताना सिद्धोधन दारात आला. "अक्का, डब्याला आंघोळ घालायलीस का?" मग संघप्रियाकडे बघून म्हणाला, "ह्यातलं काय बी पाण्यात गेलं, तर दुकानाला कुलूप. मंग मी सांगीन तिथं लग्न." मी त्याला हाकलले. वाक्य घरातच राहिले.

५. डिसेंबर २०२३ मध्ये ताडकळसला दिनकररावांच्या शेततळ्यावर काम होते. शेततळ्याच्या उतारावर काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरते. पोहणारा माणूस आत तरंगतो, पण त्याला वर चढता येत नाही. जोडप्याच्या कमरेला ट्यूब होत्या, बुडी मारण्यापुरत्या काढायच्या. त्यांना ओढून घेतले. संघप्रियाच्या कमरेला काही नव्हते, कारण तिला पोहता येते. ती काठाला लागली, घसरली, पुन्हा लागली, पुन्हा घसरली. हातात पेटी होती. शेतात कामाला आलेल्या तानुबाईने पडलेली ठिबकची नळी तिच्याकडे फेकली आणि ओरडली, "आगं फेक ते डबडं! जीव जायलाय तुजा!" संघप्रियाने एका हाताने नळी धरली. दुसऱ्या हातातली पेटी सोडली नाही. तिला बाहेर काढले तेव्हा तिचे ओठ निळे होते.

मी विचारले, का सोडली नाहीस? ती म्हणाली, "आत्या, डबा बुडाला असता तर बाबा म्हणले असते, बघ, म्हणलं नव्हतं का."

डबा वर आला तरी सिद्धोधनने ते म्हटलेच. सामान नेऊन स्वतःच्या कपाटात कोंडले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप तोडून ते परत आणले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

म्हणून स्पष्ट लिहिते. हे सामान संघप्रियाला पूर्ण मालकीने दिले आहे. मालकीत सोडून देण्याचा हक्कही येतो. ते बुडाले तर कोणीही तिला जाब विचारू नये. माझी मुदतठेव तिला दुसरे असेच सामान घेण्यासाठी आहे. पहिले बुडायची वाट न बघता आधीच घ्यावे, म्हणजे हात उघडायला सोपे जाईल.

६. तेव्हापासून प्रत्येक कामाला मी जाते. संघप्रियाच्या कमरेला दोरी असते, दुसरे टोक माझ्या हातात. मी काठावर खुर्ची टाकून बसते. तिने दोनदा हिसका दिला की ओढायचे. दिनकरराव एकदा म्हणाले, "बाई, म्हशीवानी बांधलीय की पोरगी." मी म्हटले, "म्हैस बुडत नाही, दिनकरराव." त्यानंतर त्यांनी स्वतः दोरीला वेढा द्यायला काठावर लोखंडी खुंटी ठोकून दिली.

मी गेल्यावर ही दोरी कोणी धरायची, एवढा एकच प्रश्न मला झोपू देत नाही. पैसे देऊन माणूस बसवता येतो; तो मोबाइल बघतो. नवरदेवाचे मित्र नवरीकडे बघतात.

७. पूर्णेचे राहते घर सिद्धोधनला. या कलमाखालच्या चार ओळी मी खोडल्या आहेत आणि बाजूला सही केली आहे. शाईखाली काय होते ते कोणी उजेडात धरून बघत बसू नये, मीच सांगते. सिद्धोधनने प्रत्येक कामाला दोरी धरली तरच घर त्याचे, अशी अट होती. वकिलांना ती फार आवडली. संघप्रियाने वाचली आणि कागद माझ्यापुढे सारला. "घरासाठी धरलेली दोरी मी कमरेला बांधणार न्हाई, आत्या."

घर बिनशर्त दिले आहे.

८. दोरी सिद्धोधनला. ही मालमत्तेत धरत नाहीत असे वकील म्हणाले. तरी लिहिते.

ऑपरेशनचे ऐकून तो मागच्या आठवड्यात आला. बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मी म्हटले, "रविवारी ताडकळसला ये. दोरी धरायचीय."

"मला पवता येत न्हाई, अक्का."

"मलाही येत नाही."

तो आला. खुर्चीवर बसेना. दोरीचे वेढे मनगटाला घेऊन उभा राहिला. संघप्रिया खाली गेली आणि त्याने लगेच ओढले. ती खोकत वर आली. "बाबा! आत्ताच तर गेले होते!"

"लय वेळ झाला."

"आजून डोळे बी उघडले न्हाईत मी!"

ती पुन्हा गेली, त्याने पुन्हा ओढले. नवरा-नवरी ट्यूबमध्ये तरंगत हसत होते. दुपारभर हेच चालले. एकही फोटो आला नाही. शेवटी मी ओरडले, "सिध्या, तिने हिसका दिल्याशिवाय ओढायचं नाही!"

तो पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "आन् तिनं दिलाच न्हाई तर?"

त्या खुर्चीत बसून दर वेळी मीही हेच मनात म्हणते. फक्त ओढत नाही.

दोरी त्यालाच द्यावी. तो नको तेव्हा ओढील. मी परत आले तर शिकवीन. नाही आले, तर संघप्रियाने त्याच्यावर हवे तेवढे ओरडावे, पण गाठ सोडू नये. काही दिवस गिऱ्हाइकांना फोटो उशिरा मिळतील.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. एक खाडाखोड आहे, ती सांगितली आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

सही: सत्यशीला भगवानराव एंगडे

साक्षीदार:
१. दिनकरराव बाबाराव आंबोरे, शेती, ताडकळस (सही)
२. शुभदा वसंत देऊळगावकर, निवृत्त शिक्षिका, पूर्णा (सही)

स्थळ: पूर्णा
दिनांक: २५ नोव्हेंबर २०२५, मंगळवार